साइहो-जी

जपानमधील क्योटो शहराच्या पश्चिम सीमेवर, मात्सुओ भागात असलेले झेन संप्रदायाचे एक बौद्ध मंदिर व त्याच्या आवारातील जगप्रसिद्ध उद्यान. हे मंदिर झेनच्या रिन्झाई शाखेच्या परंपरेतील असून उद्यानाचे क्षेत्रफळ सु. ३५,००० चौ. मी. आहे. उद्यानातील जमीन, खडक व झाडांचे बुंधे यांवर पसरलेल्या दाट हिरव्या शेवाळामुळे लोक त्यास ‘कोके-देरा’ म्हणजे ‘शेवाळाचे मंदिर’ या नावानेच अधिक ओळखतात. मुसो सोसेकी (१२७५–१३५१) या झेन आचार्याने १३३९ मध्ये येथील जुन्या मंदिराचे पुनरुज्जीवन केले व उद्यानाची रचना केली, असे परंपरेने मानले जाते. जपानी उद्यानकलेच्या इतिहासात साइहो-जीला दोन कारणांनी महत्त्व आहे. निर्जल खडकरचनेच्या सर्वांत जुन्या अवशिष्ट नमुन्यांपैकी एक येथे आहे आणि येथील एकूण मांडणी पुढील दीडशे वर्षे शोगुनांच्या प्रासादांना व उद्यानांना आदर्श ठरली, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. ज्या शेवाळासाठी हे उद्यान आज ओळखले जाते, ते मूळ योजनेचा भाग नव्हते. युद्ध, महापूर व दीर्घकालीन दुर्लक्ष यांमुळे उद्यानाचे मूळ रूप लोपले आणि त्या ऱ्हासातूनच त्याचे आजचे रूप सिद्ध झाले. त्यामुळे हे उद्यान कोणी घडविले या प्रश्नाचे उत्तर देताना मुसोच्या बरोबरीने काळाचाही विचार करावा लागतो.

स्थान व मांडणी : क्योटो हे शहर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. त्यांपैकी पश्चिमेकडील डोंगराच्या पायथ्याशी, साइहोजी या लहान नदीच्या खोऱ्यात हे उद्यान वसले आहे. डोंगराचा आडोसा, दाट झाडी, चिकण माती व जवळून वाहणारे पाणी यांमुळे येथील हवा बहुतेक काळ दमट राहते. उद्यानाचे दोन भाग आहेत. सपाटीवरील खालच्या भागात तळे असून त्याच्या काठाकाठाने वळणे घेत जाणारी वाट आहे. उतारावरील वरच्या भागात पाणी नाही. केवळ खडकांची मांडणी आहे. हे दोन भाग एका साध्या दाराने जोडले आहेत. त्यास ‘कोजोकान’ म्हणतात. वरच्या अवस्थेकडे नेणारा अडसर, असा त्या नावाचा भावार्थ असून साधकाने सुखद परिसर मागे टाकून कठोर साधनेकडे वळावे, असे त्यातून सूचित होते.

तळ्याभोवतीच्या वाटेने हिंडत पाहावयाच्या उद्यानांचा प्रकार पुढे जपानमध्ये फार लोकप्रिय झाला. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर रचले आहे, ते ओकायामा येथील कोराकु-एन हे सरदारी उद्यान याच प्रकारचे, पण साइहो-जीनंतर सु. साडेतीन शतकांनी पूर्ण झालेले (१७००) आहे. कोराकु-एनमधील मोकळी हिरवळ व दूरवर पोहोचणारी दृष्टी यांच्या उलट साइहो-जीमध्ये वाट सतत झाडांच्या सावलीतून जाते आणि तळे एका दृष्टिक्षेपात कोठूनही संपूर्ण दिसत नाही.

पूर्वेतिहास : मंदिराच्या परंपरेनुसार येथे प्रथम राजपुत्र शोतोकू (५७४–६२२) याचे निवासस्थान होते आणि आठव्या शतकात सम्राट शोमूच्या आज्ञेवरून ग्योकी (६६८–७४९) या भिक्षूने तेथे मंदिर स्थापन केले. कामाकुरा काळात (११८५–१३३३) ते अमिताभ बुद्धाच्या उपासनेचे केंद्र झाले. अमिताभाचे सुखावती हे विशुद्ध क्षेत्र पश्चिमेस आहे, या श्रद्धेला अनुसरून मंदिराचे ‘साइहो-जी’ हे नाव तेव्हा ‘पश्चिम दिशा’ या अर्थाच्या चित्राक्षरांनी लिहिले जाई. याच काळात डोंगरावरील भागात ‘एदो-जी’ म्हणजे ‘अशुद्ध भूमीचे मंदिर’ या नावाचे दुसरे मंदिर होते. खाली विशुद्ध भूमी व वर अशुद्ध भूमी अशी ही जोडी होती. खालच्या व वरच्या उद्यानांतील आजचा विरोध काही प्रमाणात या जुन्या विभागणीतून आलेला आहे. खालच्या तळ्याचा मूळ आकारही बहुधा सुखावतीची प्रतिकृती म्हणून रचलेल्या पूर्वीच्या उद्यानातील असावा.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी ही दोन्ही मंदिरे मोडकळीस आली होती. जवळच्या मात्सुओ येथील शिंतो देवस्थानाचा प्रमुख फुजिवारा चिकाहिदे याने १३३९ मध्ये मुसो सोसेकीला पाचारण करून जीर्णोद्धार त्याच्याकडे सोपविला. मुसोने मंदिराचा उच्चार तसाच ठेवला, पण चित्राक्षर बदलून त्याचा अर्थ ‘पश्चिमेचा सुगंध’ असा केला. पश्चिमेकडून, म्हणजे भारतातून, चीनमध्ये गेलेला बोधिधर्म व त्याच्यापासून बहरलेली झेन परंपरा यांचा निर्देश त्या नावात आहे. ‘झेन’ हा शब्दही संस्कृत ‘ध्यान’ या शब्दाचे चिनी उच्चारातून जपानीत आलेले रूप होय. अशा प्रकारे केवळ एका अक्षराच्या बदलाने भक्तिमार्गी मंदिर ध्यानमार्गी झाले.

मुसो सोसेकी : मुसोचा जन्म इसे प्रांतात झाला. आरंभी त्याने मंत्रमार्गी बौद्ध पंथाचे अध्ययन केले व नंतर तो झेनकडे वळला. तारुण्यात त्याने अनेक वर्षे डोंगराळ प्रदेशांतील आश्रमांत घालविली. गिफू प्रांतातील एइहो-जी, कामाकुरा येथील झुइसेन-जी आणि क्योटोतील तेन्र्यू-जी या मंदिरांची उद्याने त्याच्या नावाशी निगडित आहेत. जपानमध्ये त्या काळी उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन राजदरबारांत यादवी चालू होती. सम्राट गो-दाइगो व त्याच्याविरुद्ध उठलेला पहिला आशिकागा शोगुन ताकाउजी या दोघांनीही मुसोचा सन्मान केला. सम्राटांकडून त्यास ‘कोकुशी’ म्हणजे ‘राष्ट्रगुरू’ ही पदवी मिळाली. साइहो-जीचे काम सुरू झाले त्याच वर्षी गो-दाइगोचा मृत्यू झाला आणि त्याच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून ताकाउजीने मुसोच्या सल्ल्याने तेन्र्यू-जी मंदिराची उभारणी हाती घेतली.

उद्यानाची आवड साधूला शोभते काय, असा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे. ‘मुचू मोंदो’ या संवादात्मक ग्रंथात मुसोने त्याचा परामर्श घेतला आहे. डोंगर व पाणी यांच्या ठायी गुणही नाहीत व दोषही नाहीत. ते पाहणाऱ्याच्या मनात असतात, अशी त्याची भूमिका आहे. वैभवाच्या प्रदर्शनासाठी उद्यान करणारा, केवळ मनोरंजनासाठी ते करणारा आणि निसर्गातच आपले मूळ स्वरूप पाहणारा साधक यांत तो भेद करतो. साइहो-जीच्या पुढील इतिहासाकडे पाहताना ही भूमिका ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. कारण उद्यानातील वस्तूंना पुढे जे अर्थ लाभले, त्यांपैकी अनेक अर्थ पाहणाऱ्यांनीच त्यांना दिलेले आहेत.

खालचे उद्यान : खालच्या भागातील तळ्यास ‘ओगोन-ची’ म्हणजे ‘सुवर्णतळे’ म्हणतात. त्याचा आकार ‘हृदय’ किंवा ‘चित्त’ या अर्थाच्या चित्राक्षरासारखा आहे, असे परंपरा मानते. तळ्यात लहानमोठी बेटे असून प्रमुख बेटांना सकाळचा सूर्य, मावळता सूर्य व धुके यांवरून नावे दिलेली आहेत. बेटे काठाशी व परस्परांशी लहान पुलांनी जोडलेली आहेत. पाण्यात समान अंतरांवर ठेवलेल्या दगडांच्या रांगा हे या तळ्याचे एक वैशिष्ट्य होय. त्यांना ‘योदोमारी-इशी’ म्हणतात. अमर लोकांच्या बेटाकडे निघालेल्या व रात्रीपुरत्या नांगरून ठेवलेल्या नौका, असा त्यांचा अर्थ लावला जातो. काही अभ्यासकांच्या मते मात्र ते पूर्वी तेथे असलेल्या एखाद्या बांधकामाच्या पायाचे दगड असावेत.

मुसोच्या काळी तळ्याभोवती अनेक इमारती होत्या. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे ‘रुरिदेन’ ही दुमजली वास्तू. ‘रुरि’ हा शब्द संस्कृत ‘वैडूर्य’ या रत्नवाचक शब्दावरून आलेला आहे. या वास्तूत बुद्धाचे धातू म्हणजे पवित्र अवशेष ठेवले होते. तळ्याच्या काठी उभी असलेली, पाण्यात प्रतिबिंब पडणारी दुमजली वास्तू ही कल्पना येथूनच पुढे क्योटोच्या वास्तुकलेत रूढ झाली. तेव्हाचे खालचे उद्यान आजच्याहून बरेच प्रसन्न व मोकळे होते. चेरीचा बहर व शरद ऋतूतील मेपलची पालवी यांसाठी त्याची ख्याती होती. माजी सम्राट कोगोन याने १३४७ मध्ये चेरीच्या बहराच्या काळात येथे भेट दिली होती. कोरियाच्या राजाने १४४३ मध्ये जपानला पाठविलेल्या शिष्टमंडळातील विद्वान सिन सुकजू याने या उद्यानाविषयी लिहून ठेवले आहे. शेवाळाने झाकलेली भूमी हे मात्र त्या काळी उद्यानाचे वैशिष्ट्य नव्हते. जमिनीचा काही भाग पांढऱ्या वाळूने आच्छादलेला असावा, असे मानले जाते.

वरचे उद्यान : कोजोकान दारातून पायऱ्यांची वाट डोंगराच्या उतारावर जाते. या भागातील खडकांचे तीन प्रमुख समूह आहेत. पहिला कासवाच्या आकाराचा असून तो कोरड्या भूमीवर बेटासारखा मांडला आहे. दुसऱ्या ठिकाणी झऱ्याजवळ सपाट माथ्याचा एक दगड असून त्यावर बसून मुसो ध्यान करीत असे, असे सांगतात. तिसरा व सर्वांत प्रभावी समूह म्हणजे उतारावरील ‘कोरडा धबधबा’. त्यात मोठमोठे, सपाट माथ्याचे खडक टप्प्याटप्प्यांनी रचले आहेत. तेथून पाणी कधी वाहिले असण्याचा संभव नाही; तरीही खडकांचे कोन व त्यांच्या पायऱ्या यांमुळे खाली कोसळणाऱ्या प्रवाहाचा भास होतो.

पाण्याविना खडक व वाळू यांतून निसर्गदृश्य साकारण्याच्या या प्रकारास जपानीत ‘कारेसान्सुइ’ म्हणतात. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘साकुतेइकि’ या उद्यानरचनेवरील ग्रंथात हा शब्द आढळतो. परंतु तेथे त्याचा अर्थ मोठ्या उद्यानातील, पाण्यापासून दूर असलेली खडकांची मांडणी एवढाच मर्यादित आहे. र्योआन-जी किंवा दाइसेन-इन येथे आढळणारे, केवळ खडक व वाळू यांचे स्वतंत्र उद्यान पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत विकसित झाले. साइहो-जीचे वरचे उद्यान या दोन अवस्थांमधील दुवा म्हणून महत्त्वाचे मानले जाते.

या खडकरचनेच्या कर्तृत्वाविषयी मात्र एकमत नाही. उद्यानाच्या परिसरातील डोंगरउतारावर प्राचीन कोफुन काळातील दफनभूमी आहे. या थडग्यांच्या कोठड्या मोठ्या दगडी चिऱ्यांनी बांधल्या जात. वरच्या उद्यानातील काही खडक अशा कोठड्यांतून आलेले असावेत, असे काही संशोधकांचे मत आहे. हे मत स्वीकारल्यास मुसोने थडग्यांचे दगड मुद्दाम निवडून नव्याने मांडले, की उघड्या पडलेल्या दगडांमध्ये नंतरच्या पिढ्यांनी धबधबा पाहिला, असा प्रश्न उभा राहतो. पूर्वी हाच भाग ‘अशुद्ध भूमी’ या नावाने ओळखला जाई, ही गोष्ट दफनभूमीच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरते.

प्रभाव : मुसोनंतर साइहो-जी हे आशिकागा शोगुनांचे आवडते स्थान बनले. तिसरा शोगुन योशिमित्सू (१३५८–१४०८) तेथे ध्यानासाठी येत असे. त्याने १३९७ मध्ये उभारण्यास घेतलेल्या प्रासादातील सुवर्णमंडप, म्हणजे आजचे किंकाकु-जी, याच्या रचनेवर रुरिदेनचा प्रभाव होता. आठवा शोगुन योशिमासा (१४३६–९०) याने तर साइहो-जीला वारंवार भेटी दिल्या. मंदिराच्या आवारात स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून आपल्या आईला ते सौंदर्य पाहता यावे यासाठी त्याने आपल्या निवासस्थानी त्याची प्रतिकृती करविली, असे सांगतात. निवृत्तीनंतर त्याने १४८२ पासून क्योटोच्या पूर्वेकडील टेकडीच्या पायथ्याशी नवा प्रासाद बांधण्यास घेतला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे मंदिरात रूपांतर झाले व ते गिंकाकु-जी म्हणजे ‘रौप्यमंडप’ या नावाने प्रसिद्धीस आले. तेथील दुमजली वास्तू, खालचे तळे व उतारावरील खडकरचना हा सर्व आराखडा साइहो-जीवरून घेतलेला आहे. मूळ रुरिदेन नष्ट झाले. किंकाकु-जीची जुनी वास्तू १९५० मध्ये जळाली व १९५५ मध्ये पुन्हा बांधली गेली. त्यामुळे रुरिदेनची कल्पना करण्यासाठी आज गिंकाकु-जी हाच जवळचा आधार उरला आहे.

ऱ्हास : गिंकाकु-जीचे काम सुरू झाले तेव्हा त्याचा आदर्श असलेले साइहो-जी आधीच उद्ध्वस्त झालेले होते. शोगुनपदाच्या वारशावरून पेटलेल्या ओनिन युद्धात (१४६७–७७) क्योटोचा बहुतेक भाग जळाला. १४६९ मध्ये साइहो-जीतील इमारती आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पुढे वेळोवेळी दुरुस्तीचे प्रयत्न झाले. त्यांत जोदो शिन्शू पंथाचा नेता रेन्न्यो (१४१५–९९) याने साह्य केल्याचे परंपरा सांगते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा सतराव्या शतकाच्या प्रारंभी तळ्याकाठी ‘शोनान-तेइ’ हे चहागृह उभे राहिले. चहाविधीचा महान आचार्य सेन नो रिक्यू याचा मुलगा शोआन (१५४६–१६१४) याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. उद्यानातील विद्यमान इमारतींत ते सर्वांत जुने असून जपान सरकारने त्यास महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून संरक्षण दिले आहे.

सतराव्या शतकात नदीच्या पुरांनी उद्यानाची पुन्हा हानी केली. नदी अगदी लगत असल्यामुळे पुराबरोबर आलेला गाळ खालच्या भागात साचला आणि वाळूचे आच्छादन व इमारतींचे उरलेसुरले पाये त्याखाली गेले. मंदिराचे उत्पन्न तुटपुंजे होते. मोठा जीर्णोद्धार करण्याची ऐपत नव्हती. ज्या जागी दालने होती तेथे झाडे वाढली, झाडांची सावली दाट झाली आणि ओलसर गाळावर शेवाळ पसरू लागले. एदो काळाच्या (१६०३–१८६८) अखेरीस उद्यान शेवाळाने आच्छादले गेले, असे सामान्यतः मानले जाते. याच काळात, १८६२ मध्ये, राजदरबारातून निष्कासित झालेल्या इवाकुरा तोमोमी (१८२५–८३) या मुत्सद्द्याने काही दिवस येथे आश्रय घेतला. पुढे मेइजी राज्यक्रांतीच्या सूत्रधारांत त्याची गणना झाली. मात्र त्या क्रांतीनंतर शिंतो व बौद्ध धर्म यांना अलग करण्याचे जे धोरण अंमलात आले, त्यात देशभरातील बौद्ध मंदिरांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. साइहो-जीचीही बरीच जमीन गेली. १८७८ पासून मंदिराची हळूहळू पुन्हा उभारणी सुरू झाली.

शेवाळ : येथे ‘शेवाळ’ हा शब्द हरिता, म्हणजे मॉस, या वनस्पतिवर्गासाठी वापरला आहे. साचलेल्या पाण्यावर वाढणारी शैवले ही त्यांहून भिन्न होत. पावसाळ्यात कोकणातील जांभ्या दगडाच्या गडग्यांवर किंवा जुन्या विहिरींच्या काठांवर जो मखमली हिरवा थर येतो, तो बहुधा हरितांचा असतो. या वनस्पतींना खरी मुळे नसतात. मुळांसारखे दिसणारे सूक्ष्म तंतू त्यांना आधारास धरून ठेवण्याचे काम करतात. पाणी वाहून नेणाऱ्या विकसित ऊतकांचा अभाव असल्यामुळे बहुतेक हरिता आपल्या पृष्ठभागातूनच पाणी शोषून घेतात. हवा कोरडी झाली की त्या आक्रसतात व त्यांचा रंग फिका पडतो. पाणी मिळताच पुन्हा टवटवीत होतात. त्यांचे पुनरुत्पादन बीजुकांनी होते. शिवाय तुटलेल्या तुकड्यांपासूनही नवी वाढ होते. म्हणूनच ओल, सावली व अविचलित भूमी एवढ्या गोष्टी लाभल्या की त्या न लावताही पसरतात.

साइहो-जी येथे सु. १२० प्रकारच्या हरिता आढळतात, असे सांगितले जाते. त्यांतील काही उंच व ताठ वाढतात. ‘सुगिगोके’ ही पॉलिट्रिकम प्रजातीतील हरिता सुगि वृक्षाच्या चिमुकल्या रोपांच्या रानासारखी दिसते व तिच्या नावात तो वृक्ष आहे. ल्युकोब्रियम प्रजातीतील हरिता लहान गोल उशांसारख्या वाढतात. कोरड्या हवेत त्या पांढरट दिसतात. त्यामुळे त्यांच्या जपानी नावात ‘वृद्ध मनुष्य’ या अर्थाचा शब्द आलेला आहे. हिप्नमसारख्या हरिता जमिनीला बिलगून पसरतात. अशा निरनिराळ्या जाती एकमेकींशेजारी असल्यामुळे उद्यानाची भूमी एकरंगी न दिसता हिरव्या रंगाच्या अनेक छटांनी भरलेली दिसते. क्योटोत वर्षाकाठी सु. १,५०० मिमी. पाऊस पडतो. जून-जुलैमधील पर्जन्यकाळात हे शेवाळ सर्वाधिक तजेलदार असते.

अन्यत्र अस्वच्छतेचे किंवा दुर्लक्षाचे लक्षण समजल्या जाणाऱ्या शेवाळास जपानमध्ये प्रतिष्ठा मिळाली, यामागे सांस्कृतिक कारणे आहेत. दगडावर शेवाळ धरणे हे जपानी काव्यपरंपरेत दीर्घायुष्याचे प्रतीक आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभापासून ज्ञात असलेल्या एका कवितेतील ही कल्पना जपानच्या राष्ट्रगीतात आलेली आहे. वस्तूच्या जुनेपणातून प्रकटणाऱ्या शांत सौंदर्यास ‘साबि’ म्हणतात व चहाविधीच्या परंपरेने ही रसदृष्टी समाजात रुजविली. त्यामुळे साइहो-जीचे भिक्षू व माळी यांना पसरलेले शेवाळ खरवडून काढावेसे वाटले नाही. त्यांनी ते राहू दिले आणि कालांतराने त्याची निगा राखण्यास सुरुवात केली. उद्यानाच्या इतिहासातील हा निर्णायक क्षण कोणत्याही एका वर्षाशी जोडता येत नाही. परंतु दुर्लक्षाचे रूपांतर जाणीवपूर्वक जपणुकीत झाले ते तेथेच.

विसाव्या शतकापासून : १९२८ मध्ये उद्यान सर्वसामान्य लोकांना खुले करण्यात आले. क्योटो परिसरातील अनेक उद्यानांची १९३४ च्या मुरोतो चक्री वादळात हानी झाली. त्यानंतर उद्यानकार व इतिहासकार शिगेमोरी मिरेइ (१८९६–१९७५) याने देशभरातील जुन्या उद्यानांची मोजणी करून २६ खंडांचा सचित्र इतिहास प्रसिद्ध केला. जुन्या उद्यानांच्या चिकित्सक अभ्यासास त्यामुळे मोठी चालना मिळाली. शिगेमोरीने स्वतः क्योटोतील तोफुकु-जी मंदिरासाठी १९३९ मध्ये रचलेल्या उद्यानात चौकोनी फरश्या व शेवाळ यांची सोंगट्यांच्या पटासारखी मांडणी केली. एकेकाळी आपोआप उगवलेले शेवाळ आता रचनाकाराचे साधन झाले होते, हे त्यावरून दिसते.

जपान सरकारने १९५२ मध्ये साइहो-जीच्या उद्यानास ‘विशेष निसर्गरम्य स्थळ’ हा दर्जा दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर क्योटोकडे पर्यटकांचा ओघ वाढला आणि ‘शेवाळाचे मंदिर’ हे प्रवासाच्या कार्यक्रमातील ठरलेले ठिकाण झाले. १९६९ मध्ये नवे मुख्य सभागृह बांधण्यात आले. त्यातील सरकत्या पडद्यांवर दोमोतो इन्शो या चित्रकाराची चित्रे आहेत. गर्दीचे दुष्परिणाम मात्र लवकरच जाणवू लागले. शेवाळास सर्वांत घातक ठरतात ते पाय. तुडविल्याने माती घट्ट होते, तुकडे सुटतात व उघड्या जागी तण येते. वाहनांचा धूर व गोंगाट यांचा उपद्रव मंदिरालाच नव्हे, तर शेजारच्या वस्तीलाही होऊ लागला. अखेर जुलै १९७७ मध्ये मंदिराने खुला प्रवेश बंद केला. पूर्वी जोडपत्र पाठवून अनुमती मागावयाची, ठरलेल्या दिवशी येऊन प्रथम मंदिरात सूत्रपठण किंवा सूत्रलेखन करावयाचे व मगच उद्यानात जावयाचे, अशी पद्धत त्यांनी घातली. पर्यटनाचे उत्पन्न हा क्योटोतील अनेक मंदिरांचा आधार असताना घेतलेला हा निर्णय धाडसी होता. उद्यान हे प्रेक्षणीय स्थळ असण्यापूर्वी साधनेचे स्थान आहे, याची आठवण त्याने करून दिली. १९९४ मध्ये ‘प्राचीन क्योटोची ऐतिहासिक स्मारके’ या समूहात साइहो-जीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. २०२१ पासून अनुमतीसाठी संगणकीय नोंदणीचीही सोय करण्यात आली. पूर्वनोंदणीचा नियम मात्र कायम राहिला.

निगा : उद्यानाचे आजचे रूप आपोआप टिकणारे नाही. गळून पडलेल्या पानांचा थर शेवाळावर राहिल्यास प्रकाश अडतो व शेवाळ कुजते; म्हणून पाने हलक्या हाताने, झाडूने लोटून वेळच्या वेळी काढावी लागतात. रोपटी व तण हातांनी उपटावे लागतात. झाडांची छाटणी अशा बेताने करावी लागते की सावली टिकावी, पण अंधार होऊ नये. एखादा मोठा वृक्ष वादळात पडला, तर त्याखालच्या भागावर एकदम ऊन येते व शेवाळ करपते. उन्हाळ्यातील वाढते तापमान व पावसाचा लांबणारा खंड यांमुळेही हवेतील ओलावा कमी होऊन त्यास धोका पोहोचतो. निसर्गाने माणसाच्या अनुपस्थितीत जे निर्माण केले, ते टिकविण्यासाठी आता माणसास रोज श्रम करावे लागतात.

मूल्यमापन : ऐतिहासिक उद्यानाचे जतन करताना त्याच्या कोणत्या अवस्थेस प्रमाण मानावे, हा उद्यानशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. इमारतीच्या बाबतीत मूळ आराखडा, सामग्री व बांधणी यांचा शोध घेता येतो. उद्यान मात्र सजीव असल्याने ते पूर्ण झाले असे कधीच म्हणता येत नाही. साइहो-जीमध्ये हा प्रश्न विशेष तीव्र होतो. मुसोच्या काळातील उद्यान पुन्हा उभारावयाचे, तर शेवाळ काढून टाकावे लागेल, झाडी विरळ करावी लागेल आणि लुप्त वास्तू अनुमानाने बांधाव्या लागतील. तसे केल्यास जे आज अस्तित्वात आहे ते नष्ट होऊन केवळ एक तर्क उभा राहील. याउलट, सध्याच्या रूपालाच अंतिम मानले, तर त्यामागील चौदाव्या शतकातील रचना शेवाळाच्या आकर्षणाखाली झाकली जाते आणि हे उद्यान म्हणजे जणू एक सुंदर रान आहे, असा चुकीचा समज होतो. तळ्याचा आकार, बेटांची मांडणी, काठावरचे दगड व उतारावरील खडक यांची जुनी चौकट मजबूत होती, म्हणूनच तिच्यावर पसरलेल्या शेवाळास उद्यानाचे रूप आले. एरवी ते ओसाड जागेवरील शेवाळच राहिले असते.

साइहो-जीच्या संरक्षकांनी जुनी दगडी चौकट व नंतरचे हिरवे आच्छादन या दोहोंना जपण्याचा मार्ग पत्करला. ओनिन युद्धातील आग, नदीचा गाळ आणि दीर्घकाळाचे दारिद्र्य यांनी उद्यानास आजचे रूप दिले. विसाव्या शतकात लोकांच्या अतिप्रेमाने ते धोक्यात आणले. आणि प्रवेशावर घातलेल्या मर्यादेने ते वाचविले. मुसोची रचना जेथे संपली, तेथून पुढे अनेक शतकांतील नामनिर्देश न झालेल्या माळ्यांचे व भिक्षूंचे काम सुरू झाले. त्यांनी काय लावले, यापेक्षा त्यांनी काय उपटले नाही, यातून आजचे साइहो-जी उभे आहे.